सोलापूरहून लोणारला जाताना: काठावरून फोटो नव्हे, विवरात उतरायचं असेल तर

आपल्याकडून लोणारला जाणाऱ्या बहुतेक गाड्या तिथं अर्धा-पाऊण तास थांबतात. शेगाव, लोणार, सिंदखेडराजा, वेरूळ असं सगळं एका दौऱ्यात कोंबलेलं असतं. दुपारी दीड वाजता गाडी काठावर लागते, सगळे कठड्याशी उभे राहतात, खाली हिरवं पाणी दिसतं, ‘एवढंच?’ म्हणून परत गाडीत. अशा रीतीनं लोणार पाहून आलेली आणि नाराज झालेली मंडळी सोलापुरात पुष्कळ भेटतील. त्यांचं चुकत नाही, कारण वरून खरोखर एवढंच दिसतं. लोणार हे खाली उतरून, झाडीतून चालत पाहायचं ठिकाण आहे. त्यासाठी एक मुक्काम आणि एक पूर्ण सकाळ लागते. तेवढी सवड नसेल तर यंदा बेत पुढं ढकला, असंच मी सांगेन.

ज्यांची सवड आहे त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

१. आधी एक गैरसमज मोकळा करून घ्या

‘ज्वालामुखीचं तोंड आहे ना ते?’ हा प्रश्न गाडीत कुणीतरी विचारणारच. एकेकाळी अभ्यासकांनाही तसंच वाटत होतं, आणि वाटायला कारण आहे. इथला खडक ज्वालामुखीचाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं, त्यातलाच हा काळा बेसाल्ट. सोलापूरच्या भुईकोटाला, नळदुर्गाच्या बुरुजांना हाच दगड आहे. पण लोणारचा खड्डा जमिनीतून वर आलेल्या लाव्हानं पडलेला नाही, आकाशातून आलेल्या अशनीच्या धडकेनं पडला आहे. प्रचंड दाबाखाली खडकातल्या खनिजाची काच होते, तिला मास्केलिनाइट म्हणतात. ती इथं सापडल्याचं १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ज्वालामुखीची बाजू पडली.

वय मात्र जुन्या पाटीवर एक आणि नव्या लेखात दुसरं असं दिसेल. आधीच्या मोजणीत सुमारे ५२ हजार वर्षं आली होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, खडकातल्या आर्गॉन वायूवरून केलेल्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघाली. दोन आकडे ऐकून गाईडशी वाद घालत बसू नका.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली साधारण दीडशे मीटर. तळातलं पाणी सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद. बेसाल्टमध्ये पडलेलं आणि इतकं शाबूत राहिलेलं विवर जगात दुर्मीळ आहे. चंद्रावर आणि मंगळावर असाच खडक असल्यामुळं तिथली विवरं समजून घ्यायला अभ्यासक इथं येतात.

२. महिना निवडा

उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा थंड, वाट कोरडी आणि पाण्यावर हिवाळी पाहुणे पक्षी आलेले. पक्ष्यांसाठी नान्नजच्या माळावर जाणाऱ्यांना हा काळ वेगळा सांगायला नको.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उतार गच्च हिरवे असतात, ओघळ वाहत असतात. पाहायला हाच काळ सर्वांत देखणा, पण बेसाल्टवरची ओली माती साबणासारखी निसरडी होते. लहान मुलं किंवा गुडघ्याचा त्रास असलेलं कुणी सोबत असेल तर पावसाळा टाळा. मार्चमध्ये पानगळ होते आणि पळस फुलतो. झाडी विरळ झाल्यामुळं पक्षी आणि प्राणी दिसणं सोपं जातं, हा पानगळीचा फायदा फारसं कुणी सांगत नाही.

एप्रिल-मेबद्दल सोलापूरकराचं ठरलेलं उत्तर असतं: ‘ऊन आपल्याला काय नवीन?’ ऊन नवीन नाही, वाटीत कोंडलेलं ऊन नवीन आहे. चारी बाजूंनी कडे असल्यामुळं तळात वारा लागत नाही, आणि परतीची चढण नेमकी ऊन तापल्यावर वाट्याला येते. उन्हाळ्यात जायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत वर आलेलं असायला हवं.

दोन तारखा टाळा. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीनिमित्त सिंदखेडराजाला प्रचंड गर्दी असते. रस्ते आणि आसपासच्या खोल्या दोन्ही भरतात. दुसरं नवरात्र. विवरातल्या कमळजा देवीची तेव्हा यात्रा असते. देवीसाठी जाणार असाल तर जरूर जा, पक्ष्यांसाठी नको. शिवाय आपल्या बाजूनं तुळजापूरचा रस्ताही त्या दिवसांत पायी येणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो. डिसेंबरात शाळांच्या सहली असतात. शक्य असेल तर आठवड्याचा मधला दिवस धरा.

३. रस्ता ठरवा

अंतर साधारण पावणेचारशे किलोमीटर. स्वतःची गाडी असेल तर चहा-जेवणासकट आठ तास धरा. नकाशावरचं ॲप याहून कमी दाखवेल, त्यावर विसंबू नका.

तुळजापूर नाक्यावरून निघालात की तुळजापूर, धाराशिव, येरमाळा, चौसाळा, मांजरसुंबा, बीड असा राष्ट्रीय महामार्ग ५२. पुढं गेवराई, शहागडला गोदावरी ओलांडायची, मग अंबडवरून जालना. जालन्यापासून दोन पर्याय. एक मंठ्यावरून थेट लोणार. दुसरा सिंदखेडराजा, दुसरबीड, बिबी असा. जाताना मंठा आणि येताना सिंदखेडराजा असं केलं की वाट पुन्हा तीच होत नाही आणि सिंदखेडराजा घाईत उरकावं लागत नाही.

बीडवरून माजलगाव, परतूर, मंठा असा आडवा मार्गही नकाशा सुचवतो. किलोमीटर कमी दिसतात, पण लहान रस्ते, ऊस वाहणारे ट्रॅक्टर आणि गावागावातले गतिरोधक यात वेळ वाचत नाही. गळीत हंगामात, तेही अंधारात, या वाटेला जाऊ नका.

दुचाकीवाल्यांसाठी: समृद्धी महामार्ग याच भागातून जातो, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. ॲपमध्ये वाहन ‘दुचाकी’ निवडलं नाही तर ते तुम्हाला थेट समृद्धीच्या प्रवेशापाशी नेऊन उभं करेल.

एसटीनं जायचं तर छत्रपती संभाजीनगरकडं जाणाऱ्या गाडीनं बीड किंवा गेवराई गाठा, तिथून जालना आणि जालन्याहून मंठामार्गे लोणार. गाड्या बदलण्यात दिवस जातो. म्हणून सोलापूर स्टँडवरून पहाटेचीच गाडी धरा, आणि जालन्याहून लोणारची शेवटची गाडी किती वाजता आहे ते निघण्याआधी विचारून ठेवा. रेल्वेनं कुर्डुवाडी, लातूर, परळी, परभणी असा मोठा वळसा पडतो. रेल्वेची आवड असेल तरच.

४. मुक्काम आधी नक्की करा

काठाजवळ एमटीडीसीचं पर्यटक निवास आहे, ऑनलाइन बुकिंग होतं. सोयीचं कारण एकच: पहाटे उठून चालतच वाटेला लागता येतं. गावात साध्या लॉज आहेत. तिथं जागा नसेल तर मेहकर जवळ आहे, पण मग पहाटेचा प्रवास वाढतो. जालन्यात राहून सकाळी लोणारला येऊ, हा विचार मनातूनही काढून टाका. येईपर्यंत उन्हं वर आलेली असतात आणि तुम्ही परत त्या कठड्याशी उभ्या राहणाऱ्या गर्दीत सामील होता.

५. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं:
- प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र. लॉजवर लागतंच, वन विभागाच्या गेटवरही नोंद करताना मागू शकतात.
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स, फास्टॅगमध्ये पैसे.
- बुकिंगची पावती मोबाइलमध्ये सेव्ह केलेली.
- शाळा-कॉलेजचा गट असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर यादी आणि वन विभागाला आधी दिलेलं पत्र. ऐन वेळी पन्नास मुलं घेऊन गेटवर जाऊ नका.

सामान:
- पकड असलेले, घोटा झाकणारे बूट. चप्पल, सँडल, गुळगुळीत तळाचे शूज नकोत.
- माणशी किमान दोन लिटर पाणी, पुन्हा वापरायच्या बाटलीत.
- लांब बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पॅन्ट. उतारावर वेड्या बाभळीचे काटे आहेत.
- दुर्बीण. असेल तर घ्याच, नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा. पाण्यावरचे पक्षी काठापासून लांब असतात.
- थोडी हळद आणि पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या (कशासाठी ते पुढं).
- सुटे पैसे. प्रवेश शुल्क, गाईड, चहा.

खाण्याचं सांगायला नको, पण सांगतो. विवरात टपरी नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा इथं जितका उपयोगी पडतो तितका कुठल्याच वेफर्सच्या पाकिटाचा पडत नाही: सांडत नाही, उन्हात खराब होत नाही, कचरा होत नाही. फक्त डबा वर येऊन उघडा. खाली वानरं आहेत आणि त्यांना पिशवीतला डबा ओळखू येतो.

६. गेट, नोंद आणि गाईड

हे वन्यजीव अभयारण्य आहे. उजाडल्यावर आत आणि अंधाराच्या आत बाहेर, हा नियम धरून चला. गेटवर नोंद करा, शुल्क भरून पावती घ्या. आदल्या संध्याकाळी पोचलात तर लगेच जाऊन सकाळी गेट किती वाजता उघडतं आणि खाली उतरायची कुठली वाट सुरू आहे हे विचारून ठेवा. एका फेरीत दुसऱ्या दिवसाचा गोंधळ वाचतो.

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पाण्याची पातळी दरवर्षी सारखी नसते. चांगला पाऊस झाला की काठची वाट पाण्याखाली जाते आणि कमळजा देवीच्या देवळापर्यंत पाणी येतं. कुणी पूर्वी सरोवराची पूर्ण प्रदक्षिणा केली असेल, म्हणून तुम्हालाही करता येईल असं नाही.

गाईड घ्याच. मी एरवी गाईडच्या विरोधात असतो, पण इथं नाही. वाटा झाडीत फुटतात, पाट्या कमी आहेत, आणि धक्क्यानं वितळून घट्ट झालेला खडक आणि साधा खडक यातला फरक दाखवल्याशिवाय दिसत नाही. किती तास, कुठून कुठपर्यंत आणि पैसे किती, हे उतरण्याआधी स्पष्ट बोला. ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा. पक्ष्यांची आवड असेल तर तसं आधीच सांगा, नाहीतर तो तुम्हाला देवळांच्याच क्रमानं फिरवेल.

७. उतरणं: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

गेट उघडल्याबरोबर निघा. विवर खोल असल्यामुळं सूर्योदयानंतरही अर्धा-पाऊण तास तळात सावली असते. पश्चिमेचा कडा आधी उजळतो आणि ऊन हळूहळू खाली सरकतं. तो वेळ चालायला सर्वांत सुखाचा.

उतरायच्या वाटा धारेच्या (वरच्या गोड्या झऱ्याच्या) बाजूनं आणि पर्यटक निवासाच्या बाजूनं आहेत. उतरताना घाई करू नका, कारण झाडी पट्ट्यापट्ट्यांनी बदलत जाते आणि तीच पाहायची आहे. वर गवत, साग, पळस, सीताफळ. खाली जाल तशी गर्दी दाट होते; चिंच, शिंदी. मग एकाएकी झाडं मागं पडतात आणि पांढरट, खारट चिखलाचा उघडा पट्टा लागतो. त्यापुढं पाणी. वरून सलग हिरवं दिसणारं हे रान आतून असं वर्तुळावर्तुळांचं आहे. खालच्या भागात वेडी बाभूळ फार माजलेली होती. वन विभाग ती काढत असतो, त्यामुळं मध्येच तोडलेले बुंधे दिसले तर जंगलतोड चाललीय म्हणून ओरडू नका.

मोर हमखास. वानरं हमखास. स्वर्गीय नर्तक, हळद्या, वेडा राघू, पोपट झाडीत, टिबुकल्या, शेकाटे, टिटव्या, बगळे पाण्याकडं, हिवाळ्यात चक्रवाक. घोरपड दिसली तर वाट सोडून तिच्या मागं जाऊ नका. रामसर यादीच्या (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीच्या) नोंदीत इथल्या १६० जातींचे पक्षी आणि ४६ जातींचे सरपटणारे प्राणी आहेत, लांडग्याचाही उल्लेख आहे. लांडगा दिसेल अशी आशा ठेवू नका, पण सरपटणाऱ्यांच्या आकड्यामुळं पाय कुठं ठेवतोय ते पाहत चाला.

पाण्याजवळ वास येईल. कुजलेल्या अंड्यासारखा, गंधकाचा. दहा मिनिटांत नाक सरावतं. पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी आहे, सामू (पीएच) दहाच्या आसपास. हळदीची पट्टी इथं काढा: हळदीचं पाणी लावून वाळवलेला कागद सरोवराच्या पाण्याच्या एका थेंबानं लालसर होतो. हळदीत क्षार मिसळून कुंकू करतात तीच ही क्रिया. मुलांना सामूचं कोष्टक समजावण्यापेक्षा हे करून दाखवा, आणि पट्ट्या खिशात परत आणा. या पाण्यात पाय बुडवू नका. चिखल वरून वाळलेला दिसतो, आत मऊ असतो, आणि त्यात रुतलेला बूट काढणं हा करमणुकीचा भाग फक्त इतरांसाठी असतो.

गुलाबी पाणी बघायला जात असाल तर विचार बदला. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं, ती बातमी सगळीकडं गेली. पाणी आटून क्षारता वाढली आणि क्षारप्रेमी सूक्ष्मजीव वाढले, त्यांचा तो रंग होता; पाऊस झाला तसा उतरला. एरवी पाणी हिरवं असतं, शेवाळामुळं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीत गेलं, म्हणून दोन्ही गोष्टींची लोक गल्लत करतात.

कमळजा देवीचं देऊळ अगदी पाण्याकाठी आहे. वाट उघडी असेल तर तिथपर्यंत जाऊन परत फिरा. झाडीत आणखी पडकी देवळं आहेत. आत वटवाघळं असतात आणि शिखरांवर किंवा कड्यात आग्या मोहळ असू शकतं. अत्तर, परफ्यूम, सिगारेट काहीही नको, मोठ्यानं गाणी तर नकोच.

चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा. सगळ्यात हळू चालणारा पुढं, बाकीचे मागं. आपल्या मंडळींत नेमकं उलट होतं: तरणी पोरं पुढं पळतात आणि मावशी एकट्या मागं राहतात.

८. हे करू नका

दगड उचलू नका. लहानसा खडा, काचेसारखा चकाकणारा तुकडा, काहीही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं जाहीर केलेलं हे राष्ट्रीय भूवारसा स्थळ आहे, आणि अभयारण्यातून काहीही नेणं गुन्हा आहे. ‘उल्का’ म्हणून कुणी दगड विकायला आणला तर घेऊ नका. तो आपल्या विहिरीतून निघतो तोच दगड असण्याची शक्यता जास्त.

ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. प्लास्टिक आत नेऊ नका. आणि वाट सोडून ‘शॉर्टकट’नं कडा चढू नका. सैल दगड तुमच्या पायाखालून सुटून खालच्या माणसावर जातो.

९. वर आल्यावर

अंघोळ, जेवण, थोडी झोप. मग दुपार उतरल्यावर गाव.

धारेला बारमाही गोड पाणी आहे. वर गोड झरा आणि खाली खारट सरोवर, हे पाहायला तरी तिथं जा. दैत्यसूदनाचं देऊळ गावात आहे आणि ते चुकवू नका. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं सगळे पाहतात. आत जाऊन मान वर करून छतही पाहा. लवणासुर जमिनीखाली दडला होता, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवून त्याला मारलं, अशी इथली कथा. खड्डा वरून झालेल्या आघातानं झाला एवढं तिनं बरोबर धरलं आहे.

वेळ उरला तर अंबर तळ्याकडं, जिथं झोपलेला मोठा मारुती आहे. संध्याकाळी काठावरून चालायला उत्तम. विवराची कड साधारण पावणेसहा किलोमीटर भरते; सगळी चालायची गरज नाही, पश्चिमेचा तुकडा पुरे.

१०. परतीचा दिवस

सकाळी लवकर निघून सिंदखेडराजा. लखुजी जाधवरावांचा वाडा, त्यांची समाधी, मोती तलाव. दोन-अडीच तास द्या. जेवण जालन्यात. तिथून दुपारी एकच्या आत निघालात तर बीडच्या पुढचा मांजरसुंब्याचा घाट उजेडात पार होतो आणि रात्री जेवायच्या वेळेला सोलापूर.

बूट घरी आल्यावर लगेच साध्या पाण्यानं धुवा. तो पांढरा चिखल क्षारांचा असतो, आठवडाभर तसाच ठेवला तर चामडं आणि शिवण दोन्ही खातो.